कोरडा हात

गेल्या भाद्रपदात गौरीच्या जेवणाला माहेरी निघाले होते. गाडीरस्ता आता घराच्या जवळपर्यंत गेला आहे, तरी शेवटचा व्हाळ साकवावरूनच ओलांडावा लागतो. पाऊस नुकताच उघडला होता आणि साकवाच्या फळ्यांवर शेवाळाचा असा गुळगुळीत थर धरला होता की चप्पल हातात घेऊनही पाऊल टाकण्याचा धीर होईना. भाचा पुढे होता. तो मागे वळला, "आत्ये, धर हात, हयसर पाय सरकता," म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. मी तो धरला. हात कोरडा होता, उबदार होता, बोटांच्या टोकांशी किंचित खरखरीत होता, आणि तो माझ्या भाच्याचाच आहे हे मला त्याच्याकडे पाहून पटवून घ्यावे लागले. पलीकडे पोचल्यावर त्याने माझा हात सोडला आणि बोलता बोलता, माझ्याकडे न पाहता, आपला तळवा पँटवर पुसला. त्याच्या मनात काही नव्हते हे मला पक्के ठाऊक आहे. ओल्या वस्तूला हात लागला की माणूस हात पुसतो, इतकेच ते होते.

पण हा मुलगा माझा हात धरून कधी आपला हात पुसत नसे.

तो लहान असताना महाशिवरात्रीला मी त्याला कुणकेश्वरच्या जत्रेत नेत असे. त्या गर्दीत आमचे हात एकमेकांत घट्ट धरलेले असत, दोघांचेही ओलेचिंब, आणि त्यातले पाणी कुणाचे हे दोघांनाही सांगता आले नसते. आमच्या घराण्यात हे ओले तळहात वारशाने आले आहेत. वडिलांचे हात ओले होते, त्यांच्या एका आत्याचेही होते असे ऐकून आहे. माझे ओले, माझ्या भावाचे मात्र ठणठणीत कोरडे, आणि त्याच्या मुलाचे पुन्हा ओले. वडील आरतीला टाळ घेत तेव्हा टाळाच्या दोरीला रुमाल गुंडाळलेला असे. तो रुमाल का आहे हे कुणी विचारत नसे, आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. घरात या गोष्टीला नावच नव्हते, त्यामुळे ती आहे की नाही हा प्रश्नही नव्हता.

स्वयंपाकघरात मात्र ती होती. ओल्या हाताने लोणच्याची बरणी उघडू नये हा नियम प्रत्येक घरात असतो, पण आमच्याकडे त्या नियमात माझे नाव होते. मे महिन्यात फणसाचे पापड थापायला शेजारच्या बायका जमत, तेव्हा माझ्याकडे उन्हात कावळे राखण्याचे काम येई. आंब्याच्या पेट्या भरताना मी पेंढा अंथरून द्यायचा आणि फळ दुसऱ्याने ठेवायचे, कारण ओलसर फळाला पेटीत डाग पडतो आणि एका फळाचा डाग शेजारच्या फळाला लागतो. आजीने हे कधी रागाने सांगितले नाही. "तू नको गो बाय, तुझो हात पानयाचो," एवढेच ती म्हणे, आणि तिच्या बोलण्यातल्या त्या सौम्यपणानेच मला अधिक लागत असे. गौरीच्या रात्री फुगडीला उभे राहायचे तर जोडीदारीण दोन फेऱ्यांतच हात सोडी. मग कुणीतरी पदराचे टोक आमच्या हातांच्या मध्ये घ्यायला सुचवी, आणि पदर मध्ये आला की फुगडीचा वेग जातो. मी गाणी म्हणायला बसू लागले. माझा आवाज चांगला आहे असे गावात म्हणतात, त्यामागचे कारण हे आहे.

शाळेत वहीचा कोपरा पावसाळ्यातल्या पापडासारखा मऊ पडे आणि निळ्या शाईची अक्षरे तळहाताखाली फुटत. एकदा वर्गात कुणाचे तरी पैसे हरवले, तेव्हा सर्वांना हात पुढे करून उभे केले होते. ज्याचे हात थरथरतील किंवा भिजतील तो चोर, असा काहीसा त्या शिक्षकांचा शोध होता. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. पोलीस तपासात खोटे पकडण्याचे जे यंत्र वापरतात, ते इतर गोष्टींबरोबर बोटांच्या त्वचेतून वीज किती सहज जाते हेही मोजते, आणि मनात भीती दाटली की तळहातावर घाम येऊन ती अधिक सहज जाऊ लागते. अडचण एवढीच की माझ्यासारख्याच्या हाताला भीतीसाठी कारण लागत नाही. पैसे दुसऱ्या दिवशी सापडले. माझ्याकडे बघण्याची काही मुलींची नजर मात्र पुढे बरेच दिवस तशीच राहिली.

पुढे तालुक्याच्या गावी एका पतपेढीत नोकरी लागली, आणि लिखापढीच्या कामात हा हात घेऊन मी बरीच वर्षे काढली. रोजकीर्द लिहिताना मनगटाखाली टीपकागद, मांडीवर घडी घातलेला नॅपकिन, खणात टाल्कम पावडरचा डबा. त्या खणाला माझे सहकारी थट्टेने न्हाव्याचे दुकान म्हणत. एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. नोटा मोजायला बाकी सगळ्यांच्या टेबलावर ओल्या स्पंजची वाटी असे, मला ती कधी लागली नाही. लग्नातही अशीच एक सवलत मिळाली. कन्यादानाच्या वेळी हातावर पाण्याची धार सोडतात, त्यामुळे नवऱ्याच्या हातात माझा हात पहिल्यांदा गेला तेव्हा तो शास्त्रानेच ओला होता. त्यांना खरी गोष्ट कळायला दोन-चार दिवस लागले.

आमच्या किनाऱ्यावर या दुखण्याची सर्वांत मोठी अडचण अशी आहे की इथे घामाचे कौतुक कुणालाच नाही. वैशाखात मळभ दाटून आले आणि वारा पडला की देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळेच भिजलेले असतात. तापमापकातला पारा विदर्भाच्या मानाने कितीतरी खाली असतो, पण हवेतच इतके पाणी असते की अंगावरचा घाम उडून जायला जागा नसते. घामाचे काम उडून जाण्याचे आहे. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो, आणि नुसता ओघळून जमिनीवर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून कोकणातला माणूस भिजतोही आणि तापतोही. अशा ठिकाणी आपल्याला घाम फार येतो अशी तक्रार घेऊन जायचे कुणाकडे? "घाम सगळ्यांकाच येता, तुका काय वायलो येता?" हे उत्तर मी आईकडून, शेजारणींकडून आणि गावातल्या एका डॉक्टरांकडूनही ऐकले आहे.

तो खरोखरच वायला, म्हणजे वेगळा, असतो, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले, आणि तेही भाच्याच्या निमित्ताने. त्याच्याबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले होते. त्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "झोपेत हात ओले असतात का?" तो गोंधळला. झोपेतले त्याला कसे ठाऊक असणार? पण मला ठाऊक होते. लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर एकदा नवऱ्याने सहज सांगितले होते की तू गाढ झोपलीस की तुझे हात कोरडे असतात, मी कधीकधी धरून बघतो. आपले कोरडे हात मी स्वतः कधी पाहिलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले की हीच खूण आहे. अंगात सर्वत्र मिळून २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्या सर्वांत दाट असतात. बाकी अंगाचा घाम मुख्यतः उष्णतेला उत्तर देतो, तळव्यांचा घाम मनाच्या हालचालीला. ज्यांना हा विकार असतो त्यांच्या ग्रंथी संख्येने जास्त नसतात की आकाराने मोठ्या नसतात, त्यांना मिळणारा हुकूमच जास्त जोराचा असतो. मन झोपले की हुकूम थांबतो. लहानपणी किंवा वयात येताना सुरू होणे, दोन्ही बाजूंना सारखे असणे, घरात आणखी कुणाला असणे, ही सारी लक्षणे आमच्या घराण्याचे वर्णन केल्यासारखी होती. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितले, त्यांत रोमांच आणि अश्रू यांच्या पंगतीला स्वेदही बसवला आहे. आमच्या देवळात एका कीर्तनकारबुवांकडून ते ऐकले तेव्हा माझी मान किंचित ताठ झाली होती. भाव मात्र कोणता, हे माझ्या हातांनी मला कधी कळू दिले नाही. भाजी चिरतानाही ते तितकेच सात्त्विक असतात.

उपाय करून पाहणे हा या दुखण्यातला एक स्वतंत्र अध्याय आहे. तुरटीच्या पाण्यात हात बुडवणे, काळ्या चहाच्या काढ्यात बुडवणे, हे आम्ही दोघांनीही केले होते. त्यातल्या तुरटीला अगदीच आधार नाही असे नाही, कारण डॉक्टर प्रथम जो द्राव देतात तो ॲल्युमिनियम क्लोराइडचा असतो, आणि तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार. तो द्राव रात्री झोपताना अगदी कोरड्या हाताला लावायचा आणि सकाळी धुऊन टाकायचा. हात कोरडा असेल तेव्हा लावा हे वाचून भाचा खूप हसला होता. ओल्या हाताला तो झोंबतो आणि बोटांच्या बेचक्यांत आग होते. मग आयन्टोफोरेसिस आले. दोन उथळ ताटल्यांत पाणी घेऊन त्यात हात ठेवायचे आणि पाण्यातून हलका वीजप्रवाह सोडायचा, वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून काही वेळा. त्याचा गुण येतो, पण चालू ठेवावे लागते. आमच्याकडे त्यातही घोळ झाला. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी इतके मऊ की त्यात क्षारच नाहीत आणि प्रवाह नीट वाहत नाही. डॉक्टरांनी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायला सांगितले आणि काम झाले. ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्यांनी हात बरे झाले, पण तोंडाला इतकी कोरड पडली की त्याला जेवताना घासागणिक पाणी लागू लागले. शिवाय त्या गोळ्या सगळ्या अंगाचा घाम अडवतात, त्यामुळे ऐन उन्हात बागेत आंबे उतरवायला जाऊ नको अशी ताकीद मिळाली. आंब्याच्या हंगामात आमच्याकडच्या मुलाला बागेत जाऊ नको म्हणणे म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या डॉक्टरांना सांगून कळणार नाही. बोटॉक्सच्या सुया तळहातावर ठिकठिकाणी टोचाव्या लागतात, फार दुखतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे. तो विचार तिथेच संपला.

तो कणकवलीला मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. या एका वाक्यात त्याची सगळी अडचण आहे. फोन उघडला की आत नखाएवढ्या पट्टीवर शेकडो सांधे असतात, आणि घाम म्हणजे मिठाचे पाणी. त्याच्या हातून सुधारलेला फोन महिन्याभराने परत येई, आणि उघडून पाहावे तर आत हिरवट बुरशीसारखा गंज. हातमोजे घातले तर थोड्या वेळाने बोटांच्या टोकांशी पाणी साचे. काम झाले की फोन गिऱ्हाइकाच्या हातात देताना तो आधी शर्टाला पुसून देई, आणि गिऱ्हाईक तो घेऊन पुन्हा एकदा पुसे. डॉक्टरांकडे चार पायऱ्यांचे एक मोजमाप आहे: घाम जाणवत नाही आणि कामात आड येत नाही ही पहिली पायरी, सहन होत नाही आणि सतत आड येतो ही चौथी. त्याने क्षणभरही न थांबता चौथ्या पायरीवर खूण केली. तोच कागद पुढे असता तर मी बहुधा तिसरीवर केली असती. माझ्या रोजकिर्दीला टीपकागदाने भागले, त्याच्या सर्किटला ते भागणारे नव्हते.

शेवटी शस्त्रक्रियेसाठी मुंबईला आम्ही कोकणकन्येने गेलो, तो, त्याचे वडील आणि मी. निघण्यापूर्वी भावाने ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा" पासून सगळे रीतसर. भटजी नव्हे, घाडी नव्हे, स्वतः भाऊच पुटपुटत होता, आणि मी मागे उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणत होते. शल्यचिकित्सक तरुण होते आणि घाईत नव्हते, हे मला आवडले. त्यांनी कागदावर पाठीचा कणा आणि फासळ्या काढल्या. कण्याच्या दोन्ही अंगांना, फासळ्यांच्या मुळाशी, सिंपथेटिक मज्जातंतूंची एक साखळी वरून खाली उतरते. तळहातांना जाणारा हुकूम तिच्यातून जातो, आणि तो तिथेच तोडायचा. ही कल्पना नवी नाही. घामासाठी हा मज्जातंतू तोडण्याचा पहिला प्रयत्न कोत्झारेफ नावाच्या शल्यचिकित्सकांनी १९२० मध्ये केला होता. तेव्हा तिथवर पोचायला छाती किंवा पाठ मोठी उघडावी लागे, आणि ओल्या हातांसाठी तेवढे सोसायला कोण तयार होणार? छातीत दुर्बीण घालून करण्याची रीत नंतर आली, आणि १९९० च्या सुमारास दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेरा जोडला गेल्यावर ती सर्वदूर पसरली. आता काखेत दोन लहानशी छिद्रे पुरतात. संपूर्ण भूल देतात, ज्या बाजूचे काम त्या बाजूचे फुप्फुस थोडा वेळ हवा काढून मिटवतात, आणि मग पडद्यावर फासळ्यांवरून गेलेली ती फिकट पांढरी साखळी दिसते. ती जाळतात, कापतात किंवा क्लिप लावून दाबतात, फुप्फुस पुन्हा फुगवतात आणि दुसऱ्या बाजूला वळतात. तळहाताला तापमापक लावलेला असतो. हुकूम तुटला की रक्तवाहिन्या सैलावतात आणि हात तिथेच, टेबलावरच, गरम होऊ लागतो. त्यावरून वार बरोबर जागी बसला हे कळते.

मग त्यांनी धोके सांगितले. छातीत हवा राहू शकते. तार फार वर दुखावली गेली तर एका डोळ्याची पापणी उतरते आणि बाहुली लहान होते. आणि ज्याला ते भरपाईचा घाम म्हणतात तो येतो. हात कोरडे होतात, पण पाठ, पोट, कंबर आणि मांड्या यांना अधिक घाम सुटू लागतो. बहुतेकांना तो थोडाफार येतो आणि ते निभावून नेतात. काहींना मात्र असा येतो की ते आधीच्या ओल्या हातांची आठवण काढतात. तो कुणाला किती येईल हे आधी सांगता येत नाही, आणि एकदा तोडलेली तार पुन्हा जोडून पूर्ववत होईल याची खात्री कुणी देत नाही. त्यांनी निवडही पुढे ठेवली. चौथ्या फासळीवर थांबलो तर हात थोडे ओलसर राहतील, पण पाठीचा त्रास कमी होण्याची शक्यता आहे. तिसरीवर केले तर हात पुरते कोरडे होतील आणि भरपाईही वाढू शकेल. मी मनातल्या मनात चौथी फासळी निवडली होती. थोडा ओलसर हात मला ऐषआरामच वाटला असता. भाच्याने तिसरी सांगितली. "अर्धवट कोरडो हात माझ्या कामाचो नाय," तो म्हणाला, आणि संमतीपत्रावर सही करताना कागदाखाली रुमाल ठेवायला विसरला नाही.

शुद्धीवर आल्यावर श्वास घेताना छातीत दुखत होते, आणि तरीही त्याने पहिल्यांदा वर्तमानपत्र मागितले. वाचायला नव्हे. त्याने मथळ्यांवरून तळवा दाबून फिरवला आणि उलटा करून पाहिला. शाई उठली नव्हती. मग तो स्वतःच्या गालाला, उशीला, वडिलांच्या दंडाला हात लावत राहिला. त्याचा बाप तोंड फिरवून खिडकीशी गेला. मला आनंद झाला होता, खरेच झाला होता, आणि त्याच्या तळाशी काहीतरी बारीक टोचत होते. साकवावरच्या त्या दिवसापर्यंत मी ते नीट न्याहाळले नव्हते. आमच्या घराण्यातल्या ओल्या हातांच्या पंगतीतून एक पान उठले होते, आणि मी तिथेच बसलेली होते.

हे झाले थंडीत. पुढचा वैशाख आला तेव्हा पाठीने बोलायला सुरुवात केली. दुकानात काम करताना पंखा लावता येत नाही, स्क्रू उडतात आणि डागणीची धग हलते. तो स्टुलावर पंचा टाकून बसतो, दुपारपर्यंत पंचा पिळावा लागतो. काळ्या शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात म्हणून काळे शर्ट गेले, आणि फिक्यावर ओल दिसते म्हणून फिकेही गेले. आता बारीक नक्षीचे शर्ट घेतो, एक अंगावर आणि एक पिशवीत. कपाळ मात्र कोरडे. माणसाला घाम आला की आपण आधी त्याचे कपाळ बघतो, त्यामुळे त्याची पाठ बघेपर्यंत कुणाला काही कळत नाही. पावसाळ्यात घामोळ्या आणि गजकर्ण पाठ सोडत नाहीत. कपडे वाळत नाहीत तेव्हा वहिनी ते चुलीच्या उबेला दोरीवर टाकते आणि मध्यरात्री उठून पालटते. संमतीपत्रावर वहिनीची सही कुणी घेतली नव्हती. मला वाटते, ही शस्त्रक्रिया मुळात घाम घालवत नाही, त्याला जागा बदलून देते. जिथे माणसे हात मिळवतात तिथून उठवून जिथे कापड झाकते तिथे नेऊन बसवते. कोरड्या हवेच्या गावात ती पाठ वाऱ्याने सुकत असेल. आमच्या हवेत ती सुकत नाही. शल्यचिकित्सकांनी सारे धोके प्रामाणिकपणे सांगितले होते यात शंका नाही, पण त्यांच्या वातानुकूलित खोलीत बसून सांगितले होते. सही घेण्यापूर्वी त्यांनी मेच्या दुपारी कणकवलीच्या बसस्थानकावर तासभर उभे राहून बघावे, असे माझे मत आहे.

कोरड्या हातांचेही सगळे सोपे नाही. तळवे इतके सुकतात की रात्री खोबरेल चोळून झोपावे लागते, नाहीतर थंडीत भेगा पडतात. नोट मोजताना बोटाला थुंकी लावावी लागते, जे मला आयुष्यात कधी करावे लागले नाही. आमच्याकडे नारळ पाडायला येणारा पाडेली एकदा म्हणाला होता की माडावर चढताना हात अगदी सुका असला तरी सुटतो आणि भिजलेला असला तरी सुटतो, जरासा दमट असला की धरतो. त्वचेचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. तळव्यांना घाबरल्यावर घाम सुटण्यामागे बहुधा हेच कारण असावे, पळताना आणि चढताना पकड बसावी म्हणून. आमच्या घराण्यात त्या सोयीचा अतिरेक झाला एवढेच. पण पखवाज पुन्हा सुरू झाला आहे, हे सांगितलेच पाहिजे. पूर्वी हात भिजून पुडी उतरे आणि बोल चिकट निघे, म्हणून त्याने भजनात बसणे सोडले होते. आता वारीला तो पहिल्या अभंगापासून उभ्या गजरापर्यंत वाजवतो. गजर चढतो तेव्हा त्याची पाठ धबधब्याखाली बसल्यासारखी भिजते, आणि भजनात तर सगळ्यांच्याच पाठी भिजलेल्या असतात.

मी त्याला एकदा सरळ विचारले, पुन्हा संधी मिळाली तर करशील का? तो थोडा वेळ हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला. मग म्हणाला, "हातार पॉट आसा गो आत्ये, पाठीर नाय." यात समाधान किती आणि हिशोब किती, मी शोधत बसले नाही. "तू पण करून घे," असेही तो म्हणाला. माझ्या वयात ते कुणी सुचवत नाही, ही शस्त्रक्रिया तरुणांसाठी बरी, असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि मी त्यांच्या मागे लपते. खरे कारण वेगळे आहे. रजोनिवृत्तीच्या वर्षांत मी रात्री-अपरात्री भिजलेल्या पाठीने उठून बसले आहे आणि ते कसे असते हे मला माहीत आहे. शिवाय आता माझ्या हातांना रोजकीर्द लिहायची नाही. भाजी, देवपूजा, नातवाच्या केसांची झुलपे आणि मोबाइलचा पडदा, एवढेच त्यांचे जग. त्यात पडदा तेवढा त्रास देतो. रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्रही देते, तिथे मी पदराला अंगठा पुसून पुसून रांगेतल्या लोकांची सहनशक्ती पाहते.

आता घरात वाद चालू आहे तो भाच्याच्या धाकट्या बहिणीचा. ती दहावीत आहे, तिचेही हात ओले, आणि दादासारखे आपल्यालाही करा म्हणून तिने हट्ट धरला आहे. भाऊ घाबरतो, वहिनी दोरीवरच्या कपड्यांकडे बघते. त्वचारोगतज्ज्ञांनी या वयात घाई नको, आधी ताटल्या नेमाने करून बघा असे सांगितले आहे, आणि मलाही तेच पटते. तूर्त परीक्षेपर्यंत संध्याकाळी ती सोडा घातलेल्या पाण्यात हात घालून बसते आणि मी तिला इतिहासाची उत्तरे वाचून दाखवते. परवा मी तिला समजुतीच्या सुरात दादाच्या शर्टांविषयी, पंच्याविषयी, घामोळ्यांविषयी सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि ताटलीतले हात न हलवता मला विचारले, "पेपर तपासणारो माझी पाठ बघूक येतलो काय?"